शाळा नेमकी कुठे सुटते

गरीब घरातले मूल शाळा सोडते तेव्हा तो निर्णय बहुधा एका दिवसात झालेला नसतो. आधी आठवड्यातला एखादा दिवस बुडू लागतो, मग कामाच्या हंगामात सलग पंधरवडा जातो, परत वर्गात जाऊन बसावे तर धडे पुढे सरकलेले असतात, आणि वर्ष संपून नव्या इयत्तेत नाव घालायची वेळ येते तेव्हा घरात त्याविषयी कोणी बोलतच नाही. ‘उद्यापासून शाळेत जाऊ नकोस’ हे वाक्य अशा पुष्कळ घरांत कधीच उच्चारले गेलेले नसते. शाळेच्या नोंदवहीत मात्र या लांबलेल्या प्रवासाची एकच तारीख उरते, ती म्हणजे नाव कमी केल्याची.

गरीब कुटुंबांच्या हाती थेट रोख रक्कम देणाऱ्या योजनांचे अभ्यास मी गेली काही वर्षे वाचत आलो आहे. अशी मदत मिळाली की मुले अधिक संख्येने शाळेत जातात, हे आता वादाचे राहिलेले नाही. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या पद्धतींनी आणि बऱ्याच काटेकोरपणे ते तपासले गेले आहे. मला गुंतवून ठेवले ते त्यापुढच्या प्रश्नाने. हा पैसा कोणत्या वयाच्या मुलापर्यंत पोहोचतो, वर्षातल्या कोणत्या महिन्यात पोहोचतो, आणि ज्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज असते त्यालाच तो चुकवून जातो का? योजनेचे यश किंवा अपयश रकमेच्या आकड्यापेक्षा या तपशिलांवर अधिक ठरते, असे माझे मत होत गेले आहे.

शिक्षण मोफत केले की गरिबाची अडचण संपते, असे मानणारे लोक शाळेच्या खर्चाचा एकच भाग पाहतात. गणवेश, वह्या, प्रवास, परीक्षेची फी हा झाला दिसणारा खर्च. न दिसणारा खर्च मुलाच्या वेळेचा असतो. मोठी मुलगी घरी थांबली तर धाकट्यांना सांभाळणारे कोणी असते आणि आई कामावर जाऊ शकते. मुलगा बापाबरोबर गेला तर दिवसाच्या मजुरीत भर पडते. सात वर्षांच्या मुलाकडून घराला फारसे काही मिळत नाही, तेरा वर्षांच्या मुलाकडून मिळते. म्हणजे शाळेत राहण्याची किंमत वयाबरोबर चढत जाते, आणि शाळेपासून होणारा लाभ मात्र अजून कित्येक वर्षे दूर असतो. पुढे कधी तरी चांगली कमाई होईल या भरवशावर आज कर्ज देणारा कोणी नसतो. अशा घरातल्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे मी अनेक सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकले आहे आणि दर वेळी ते मला अन्यायाचे वाटले आहे. त्यांना महत्त्व कळते. चालू महिन्याचा हिशेब त्यांना ते पाळू देत नाही.

हा हिशेब गंभीरपणे मांडून त्यावर योजना उभारण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मेक्सिकोतील ‘प्रोग्रेसा’. १९९४च्या अखेरीस कोसळलेल्या चलनानंतर तो देश मोठ्या मंदीतून गेला होता. सरकार अन्नधान्यावर पुष्कळ अनुदान खर्च करीत होते, पण त्याचा बराचसा फायदा शहरांना मिळत होता आणि दुर्गम खेड्यांतल्या अतिगरीब कुटुंबांपर्यंत फारच थोडा पोहोचत होता. अर्थमंत्रालयात काम करणारे अर्थतज्ज्ञ सांतियागो लेव्ही आणि लोकसंख्याशास्त्रज्ञ होसे गोमेस दे लेओन यांनी अनुदानाऐवजी थेट रोख मदतीची आखणी केली, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये, एर्नेस्तो झेडियो राष्ट्राध्यक्ष असताना, ग्रामीण भागात ती सुरू झाली. तिसरीपासून नववीपर्यंतच्या मुलांसाठी शैक्षणिक अनुदान, ते आईच्या हातात, आणि अट अशी की मुलाची हजेरी किमान ८५ टक्के असावी. रक्कम इयत्तेबरोबर वाढत जाई, कारण मुलाची कमावण्याची क्षमताही वाढत जाते. आणि सहावीनंतरच्या वर्गांत मुलींना मुलांपेक्षा थोडी जास्त रक्कम मिळे, कारण त्या टप्प्यावर मुलींची शाळा अधिक सुटत होती.

या योजनेचे मूल्यमापनही तिच्या आखणीइतकेच विचारपूर्वक केलेले होते. ५०६ गावे निवडून त्यांतील ३२० गावांना योजना लगेच देण्यात आली आणि १८६ गावांना नंतर. कोणत्या गावाला आधी हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना प्रामाणिक राहिली. अर्थतज्ज्ञ पॉल शुल्त्झ यांनी या माहितीवरून काढलेला निष्कर्ष पुढे वारंवार उद्धृत झाला. सहावी पूर्ण केलेल्या मुलांपैकी पुढच्या वर्गात जाणाऱ्यांत शंभरामागे सुमारे ११ मुलांची भर पडली. मुलींमध्ये ही भर जवळजवळ १५ होती, मुलांमध्ये साडेसहाच्या आसपास. एका मुलाच्या एकूण शालेय आयुष्यात यामुळे सरासरी दोन-तृतीयांश वर्षाची वाढ होईल, असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे वाचताना त्या १८६ गावांचा विचार माझ्या मनातून जात नाही. योजना टप्प्याटप्प्यानेच विस्तारणार होती, म्हणून कोणाला तरी थांबावेच लागणार होते, हे मला मान्य आहे. तरीही ज्या मुलीची सहावी त्या दीड-दोन वर्षांतच संपली, तिच्यासाठी ‘नंतर’ या शब्दाचा काय अर्थ उरला असेल, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

मेक्सिकोच्या आकड्यांतून दिसलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. प्राथमिक वर्गांत योजनेचा परिणाम अगदी थोडा होता, कारण त्या गावांतही नव्वद टक्क्यांहून अधिक मुले प्राथमिक शाळेत आधीच जात होती. शाळा सुटत होती ती सहावीच्या उंबरठ्यावर. माध्यमिक शाळा गावात नसे, वाट लांबची असे, आणि मूल कामाला येण्याच्या वयात आलेले असे. पेट्रा टॉड आणि केनेथ वोल्पिन यांनी पुढे गणिती प्रतिमान मांडून दाखवले की प्राथमिक वर्गांसाठीचा पैसा काढून तो वरच्या इयत्तांवर लावला असता तर तेवढ्याच खर्चात मुलांचे शिक्षण आणखी वाढले असते. अर्थात प्राथमिक वर्गाच्या नावाने घरात येणारा पैसाही वाया जात नव्हता. त्यातून घर चालत होते, मुले जेवत होती. पण गरिबी हलकी करण्यासाठी दिलेला पैसा आणि शाळा टिकवण्यासाठी दिलेला पैसा यांचे हिशेब वेगळे ठेवले नाहीत, तर पहिल्याचे यश दुसऱ्याच्या नावावर चढते आणि शाळा जिथे खरोखर सुटते ती जागा दुर्लक्षित राहते.

शाळा सुटण्याला इयत्तेची जागा असते, तशी आपत्तीचीही असते. घरातला कमावता माणूस आजारी पडतो, पाऊस जातो, काम मिळत नाही, आणि ज्या घरात साठवण नाही तिथे मुलाचे श्रम हीच साठवण ठरते. आईबापांच्या मनात ‘हे दोन-तीन महिने निभावू, मग परत पाठवू’ एवढेच असते. आलां द जानव्री, एलिझाबेथ सादुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रेसाच्याच माहितीवरून दाखवले की एकदा बाहेर पडलेले मूल शाळेत परतण्याची शक्यता खूप कमी होते. थोड्या काळाची अडचण कायमची होऊन बसते. नियमित रोख मदत असलेल्या घरांतली मुले अशा धक्क्यांनंतरही शाळेत टिकली. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की धक्का बसल्यावर या मुलांच्या कामाचे तास वाढलेच. ती शाळेत होती आणि कामही करीत होती. योजनेच्या अहवालात अशा मुलाची गणना यशात होते. संध्याकाळी कामावरून थकून आलेल्या त्या मुलाला गृहपाठ कितपत जमला असेल, हे हजेरीवरून कळत नाही.

वेळेच्या प्रश्नावर मला सर्वांत विचारप्रवृत्त करणारा प्रयोग कोलंबियाच्या राजधानीतला वाटतो. बोगोटा शहरात २००५ मध्ये माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी सशर्त मदतीची योजना आखली गेली. अर्ज जागांपेक्षा जास्त आल्यामुळे लाभार्थी सोडतीने निवडले. काही विद्यार्थ्यांच्या घरांना ठरलेली रक्कम वर्षभर नियमाने मिळाली. दुसऱ्या गटाला त्यातला दोन-तृतीयांश भाग वर्षभरात मिळाला आणि उरलेला तिसरा हिस्सा बँकेत साठवून, पुढच्या वर्षी नाव घालायची वेळ आली तेव्हा एकदम हाती दिला गेला. एकूण रक्कम तेवढीच होती. वर्षभरातली हजेरी दोन्ही गटांत सारखीच सुधारली, पण पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात अधिक भरले. याच प्रयोगाच्या आणखी एका प्रकारात रकमेचा काही भाग माध्यमिक शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळणार होता, आणि त्यात पुढील शिक्षणाला जाणाऱ्यांची संख्या वाढली.

यात मला नवल वाटले नाही, कारण माझ्या स्वतःच्या शालेय जीवनात मंजूर झालेली एक शिष्यवृत्ती वर्ष संपत आल्यावर हाती पडत असे. तोवर पुस्तकांची उधारी होऊन गेलेली असे आणि त्या पैशाने आधी ती फेडली जाई. यादीत नाव असलेल्या मुलांपैकी एखादे तोपर्यंत वर्गात उरलेलेही नसे. शिक्षक नाव पुकारत आणि पुढच्या नावाकडे वळत. रक्कम मंजूर होती, नियमाप्रमाणे होती, आणि कागदोपत्री त्या मुलापर्यंत मदत पोहोचलेली होती. ज्या आठवड्यात ती लागली असती, त्या आठवड्यात तेवढी ती नव्हती. ब्राझीलने २०२४ मध्ये उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी ‘पे-दे-मेया’ नावाची योजना सुरू केली, तिच्यात मासिक रकमेबरोबरच दर वर्ष पूर्ण केल्यावर खात्यात काही रक्कम जमा होते आणि शिक्षण पूर्ण झाल्यावरच ती काढता येते. बोगोटात लहान प्रमाणावर तपासलेली कल्पना इथे देशाच्या पातळीवर वापरली जात आहे. माझी तिच्याविषयी एकच धास्ती आहे. शेवटी मिळणारी रक्कम ज्याला थांबणे परवडते त्यालाच टिकवून ठेवते. ज्याचे घर या महिन्यातच अडले आहे, त्याच्यासाठी मासिक रक्कमच पुरेशी असायला हवी.

पुरेशी म्हणजे किती, याचे सरळ उत्तर नाही. कंबोडियात डिऑन फिल्मर आणि नॉर्बर्ट शाडी यांनी अभ्यासलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम लाभार्थी कुटुंबाच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे २ टक्के एवढीच होती, तरी शाळेतली उपस्थिती शंभरामागे २५ने वाढली. त्याहून काहीशी मोठी रक्कम मिळालेल्या मुलांत ती आणखी वाढली नाही. हे वाचून थोडक्या पैशात काम होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणत्याही सरकारला होईल. पण फिलिपिन्समधला अनुभव त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. तिथल्या ‘पंताविद’ योजनेमुळे मुले अधिक संख्येने शाळेत गेली, आणि त्याचबरोबर मजुरीवर काम करणाऱ्या मुलांचे प्रमाणही वाढले. मदत शाळेच्या संपूर्ण खर्चाला पुरणारी नव्हती, म्हणून उरलेला खर्च काही मुलांनी स्वतः कमावून भागवला, असे अभ्यासकांचे स्पष्टीकरण आहे. शाळेत जाता यावे म्हणून कामाला जाणारे मूल ही कोणत्याही योजनेने हेतुपूर्वक निर्माण केलेली स्थिती नाही. अर्धवट भरलेल्या फटीतून ती तयार झाली.

आता अटीचा प्रश्न. मुले शाळेत गेली तरच पैसे द्यावेत, की पैसे द्यावेत आणि पुढचे कुटुंबावर सोपवावे, हा या विषयातला सर्वांत जुना वाद आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या लोकांना स्वतःच्या उत्तराची जरा जास्तच खात्री असते. सारा बेअर्ड, फ्रान्सिस्को फरेरा, बर्क ओझलर आणि मायकेल वूलकॉक यांनी जगभरातले ३५ अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा अट असो वा नसो, रोख मदतीने मूल शाळेत असण्याची शक्यता वाढते हे दिसले. अट केवळ कागदावर असलेल्या योजनांत आणि अट नसलेल्या योजनांत फारसा फरक आढळला नाही. पण हजेरीवर लक्ष ठेवून ती न भरल्यास पैसे कापणाऱ्या योजनांत परिणाम सर्वांत मोठा होता. इतकेच वाचून थांबले तर निकाल कडक अटीच्या बाजूने लागतो.

मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात झालेला अभ्यास वाचल्यावर मी तिथे थांबू शकलो नाही. २००८ पासून दोन वर्षे तिथल्या १३ ते २२ वयाच्या अविवाहित मुलींना दर महिन्याला रक्कम देण्यात आली. काही वस्त्यांत ८० टक्के हजेरीची अट होती, काही वस्त्यांत कोणतीच अट नव्हती, आणि काही वस्त्यांना तुलनेसाठी मदतीबाहेर ठेवले होते. बेअर्ड, ओझलर आणि क्रेग मॅकिंटॉश यांना आढळले की शाळेतली गळती दोन्ही गटांत कमी झाली, पण अट नसलेल्या गटातला परिणाम अट असलेल्या गटाच्या ४३ टक्केच भरला. इंग्रजी वाचनाच्या चाचणीतही अट असलेला गट पुढे होता. शाळा हाच निकष धरला तर अटीने आपले काम चोख केले होते. मग त्यांनी लग्न आणि गर्भारपणाकडे पाहिले, आणि चित्र उलटे झाले. अट नसलेल्या गटात, मदत न मिळालेल्या मुलींच्या तुलनेत, लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण ४४ टक्क्यांनी आणि गर्भवती मुलींचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होते. अट असलेल्या गटात असा परिणाम दिसला नाही.

हा सगळा फरक शाळा सोडलेल्या मुलींमुळे पडला होता. अट असो वा नसो, काही मुलींची शाळा सुटलीच. ज्या गटात अट नव्हती तिथे शाळा सुटल्यावरही त्यांना दरमहा पैसे मिळत राहिले, त्या घरावर पूर्णपणे ओझे ठरल्या नाहीत, आणि लग्न लांबले. अटीच्या गटातल्या मुलीची मात्र शाळा सुटली की पैसेही थांबले, म्हणजे एका आघाताच्या जागी दोन झाले. ती का सुटली असेल याची कारणे आपण सहज कल्पू शकतो: आजारपण, घरातल्या कोणाची शुश्रूषा, अभ्यास न झेपणे, लांबची वाट. यांतल्या कोणत्याही कारणासाठी तिला दंड करावा असे योजना आखणाऱ्यांच्याही मनात नव्हते. अट ही उंबरठ्यावर रेंगाळणाऱ्या पुष्कळांना आत ओढते आणि जिला आत येणे शक्यच नाही तिच्यामागे दार लावून घेते. ही दोन्ही कामे ती एकाच वेळी करते, आणि पहिल्याच्या आकड्यांत दुसरे झाकले जाते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की बिनशर्त मदतीचे हे फायदे पैसे बंद झाल्यावर बहुतेक विरून गेले. लग्न लांबले होते, टळले नव्हते. तरी सोळाव्या वर्षी होणारे लग्न अठराव्या वर्षी होणे याला त्या मुलीच्या शरीरासाठी आणि आयुष्यासाठी काहीच किंमत नाही, असे मी म्हणू शकत नाही.

गुणांची अट तर याहून निर्दय ठरू शकते. बांगलादेशने १९९४ पासून माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन दिले, ते मुलीच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात, आणि मुलींच्या माध्यमिक शिक्षणात त्या देशाने घेतलेली झेप सगळ्या जगाने पाहिली आहे. त्याच्या अटी तीन होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि अविवाहित असणे. हजेरीची अट मी समजू शकतो; लग्नाची अट ज्या परिस्थितीत घातली गेली तीही समजू शकतो. पण गुण कमी पडणारी मुलगी शाळा सोडण्याच्या सर्वांत जवळ उभी असते, आणि ही अट नेमका तिचाच आधार काढून घेते.

अट आणि मोकळीक यांच्या मधली एक वाट मोरोक्कोत सापडली. तिथल्या ‘तैसीर’ योजनेत ग्रामीण गरीब कुटुंबांना पैसे देताना काही गावांत हजेरीची अट घातली आणि काही गावांत फक्त एवढेच सांगितले की ही रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी आहे. नावनोंदणी शाळेतच, मुख्याध्यापकांच्या हस्ते होत असे. एस्थर डुफ्लो, पास्कलिन द्युपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की अट नसलेल्या, पण शिक्षणाच्या नावाने दिलेल्या या पैशाने शाळेतली उपस्थिती भरघोस वाढली, आणि अट घातल्याने किंवा बापाऐवजी आईच्या हाती पैसे दिल्याने त्यात जवळजवळ काहीच भर पडली नाही. शिक्षणावर खर्च करणे फायद्याचे आहे, हा पालकांचा विश्वासच या योजनेने वाढवला होता. सरकार आपल्या मुलाच्या शाळेसाठी पैसे पाठवते आहे, म्हणजे ही गोष्ट मोलाची असली पाहिजे, असे त्यांना वाटले असावे. इक्वेडोरमध्ये याच्याशी जुळणारे निरीक्षण आहे: तिथल्या मदतीला प्रत्यक्षात हजेरीची अट लागू नव्हती, पण ज्या कुटुंबांची समजूत ती आहे अशी झाली होती, त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर परिणाम अधिक झाला. पैसा कशासाठी आहे हे स्पष्ट, आदराने आणि शाळेच्या दारात सांगणे, याला मी म्हणूनच फार महत्त्व देतो. धाक न घालता बरेचसे तेच साधते, आणि नापास ठरलेल्या मुलीचे पैसेही चालू राहतात.

ज्याला मदत मिळते त्याच्या शेजारी बसणाऱ्या भावंडांविषयी योजना सहसा काही बोलत नाहीत. बोगोटाच्या अभ्यासात एक नोंद आहे जी वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. सोडत विद्यार्थ्यागणिक झाली होती, त्यामुळे एकाच घरातल्या एका मुलाला मदत मिळाली आणि दुसऱ्याला नाही असे घडले. अशा घरांतली मदत न मिळालेली भावंडे, विशेषतः बहिणी, ज्या घरांत कोणालाच मदत मिळाली नाही तिथल्या मुलांपेक्षा अधिक काम करीत होती आणि कमी वेळा शाळेत जात होती. एकाला शाळेत ठेवणे घरासाठी फायद्याचे झाले, तेव्हा त्याच्या वाट्याचे काम तिच्याकडे सरकले. आईबापांनी यात क्रूरपणा केला असे मी म्हणणार नाही. त्यांनी आपल्यासमोर ठेवलेल्या किमती पाहून काम वाटून घेतले. पण त्या किमती योजनेने ठरवल्या होत्या, त्यामुळे त्या बहिणीची जबाबदारीही योजनेचीच आहे. मदत एका विद्यार्थ्याला न बांधता घरातल्या सगळ्या शालेय वयाच्या मुलांना धरून द्यावी, यासाठी मला याहून मोठा पुरावा नको. आईच्या हाती पैसे देण्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. त्याने घरात तिचा शब्द वाढतो हे खरे, पण बैठका, तपासण्या आणि दाखले यांसाठी जाणारा वेळही तिचाच असतो, आणि तो वेळ भरून काढायला घरातली मोठी मुलगीच पुढे येते.

शाळेत पोहोचलेले मूल तिथे शिकते का, या प्रश्नापाशी रोख मदतीचे सामर्थ्य संपू लागते. कंबोडियातल्या ज्या शिष्यवृत्तीने उपस्थिती एवढी वाढवली, तिने चाचणीतले गुण वाढवले नाहीत. मेक्सिकोतही अधिक इयत्ता शिकलेल्या मुलांच्या चाचण्यांत तितकी सुधारणा दिसली नाही. याचे एक कारण सोपे आहे: जी मुले एरवी बाहेर राहिली असती तीच आता वर्गात आली होती, ती मागे पडलेली होती, आणि त्यांना सांभाळून घेण्यासाठी शिक्षकाला कोणी वेळ, साधने किंवा मदतनीस दिलेले नव्हते. उलट निकाराग्वात २००० साली सुरू झालेल्या योजनेतल्या मुलग्यांना सुमारे दहा वर्षांनी पुन्हा भेटून तपासले, तेव्हा शाळा सुटण्याच्या नेमक्या वयात, म्हणजे ९ ते १२ वर्षांचे असताना, तीन वर्षे मदत मिळालेले मुलगे जवळजवळ अर्धी इयत्ता जास्त शिकलेले होते आणि गणित व भाषेत पुढे होते. तिथे योजनेने शिक्षक आणि शाळांनाही थोडा निधी दिला होता. मदत योग्य वयात आली आणि तिच्या दुसऱ्या टोकाला चालती शाळा असली तर शिकणे होते, एवढे तरी यातून दिसते. जिथे अडचण पैशाची नसून वाटेची असते, तिथे उपायही वाटेचाच लागतो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणे सुरू केले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि सर्वाधिक फरक पडला तो शाळेपासून दूर असलेल्या गावांत.

हे सगळे वाचून मी अटींच्या विरोधात गेलो नाही, पण अट मोडल्यावर काय करायचे याविषयी माझे मत पक्के झाले. ब्राझीलच्या ‘बोल्सा फामिलिया’ योजनेत २००३ पासून हजेरीची अट आहे; ६ ते १५ वयाच्या मुलांसाठी ती ८५ टक्के ठरवली होती. तिथे हजेरी कमी पडली की लगेच पैसे तोडत नाहीत. आधी सूचना, मग रक्कम रोखून ठेवणे, मग काही काळ स्थगिती, आणि अगदी शेवटी नाव रद्द, अशा पायऱ्या आहेत. शाळेने गैरहजेरीचे कारण नोंदवायचे असते, आणि वारंवार असे झाले तर समाजसेवा केंद्रातल्या माणसाने त्या कुटुंबाची गाठ घ्यायची असते. मूल वर्गात नाही ही गोष्ट तिथे, निदान नियमाप्रमाणे, घरात काही तरी बिघडल्याची खबर मानली जाते. माझ्या मते या पायऱ्यांचा क्रमही बदलायला हवा: घरी जाऊन विचारपूस पहिल्याच सूचनेबरोबर व्हावी, आणि तोपर्यंत रक्कम थांबवू नये. यासाठी माणसे लागतात. एका कार्यकर्त्याकडे शेकडो कुटुंबे सोपवली तर त्याची भेट म्हणजे केवळ एका अर्जावरची सही होऊन बसते, आणि मग पैसे थांबवणे हीच सर्वांत स्वस्त कारवाई उरते. रोख मदतीच्या योजनेचे अंदाजपत्रक मांडताना खात्यात जाणाऱ्या रकमेबरोबरच, दार ठोठावून ‘मूल शाळेत का आले नाही’ असे विचारणाऱ्या या माणसाचा पगारही पहिल्या दिवसापासून त्यात धरलेला असावा.